तेरा हजार फुटांवरचा काष्टा

जळगावला आमच्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. पुरुषांचे कपडे. १९७४ साली मी कॉलेजात होते आणि दुकानात उरलेल्या खाकी ड्रिलमधून मी स्वतःसाठी गुपचूप एक पँट शिवली. सायकल चालवायला बरी, एवढाच हेतू. मोठीमायने, म्हणजे माझ्या आजीने, ती पाहिली आणि एकच वाक्य बोलली, “पोरीसले हाई शोभस का?” वडील गप्प बसले. आठ दिवसांत त्या पँटीच्या बाजाराच्या दोन पिशव्या झाल्या. मीच शिवल्या.

पुढे मी धुळ्याला शिवणकाम शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि त्या पिशव्या विसरूनही गेले. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये वर्तमानपत्रात एक छायाचित्र आलं. थायलंडमधल्या पट्टाया इथे शीतल राणे-महाजन यांनी नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली होती. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही, राग आला. या बाईंनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश तापमानात, आधी एकही सराव उडी न मारता पहिलीच उडी घेतली. वय एकवीस. २००६ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकावर उडी घेतली. असं सगळं करून झाल्यावर पुन्हा लुगडंच का? आमच्यासारख्यांनी पँटीसाठी जीव टाकला, तो काय यासाठी?

(शीतलताई पुण्याच्या. पण महाजन काय, राणे काय, ही आडनावं आमच्या जळगावात गल्लोगल्ली. त्यामुळे राग आला तोही घरच्या माणसावर यावा तसा.)

मग मी माझ्या धंद्याच्या नजरेने विचार करू लागले. आकाशातून उडी मारणारे घालतात तो जम्पसूट म्हणजे नेमका काय कपडा? वरून खालपर्यंत एकच अंगरखा, पुढे लांब चेन. दिसायला सोपा, पण मापात फार नाजूक. पोटावर आडवं होऊन खाली येणारा माणूस ताशी साधारण १९० किलोमीटर वेगाने पडतो. कपडा सैल असेल तर हवा अडते आणि वेग कमी होतो. घट्ट असेल तर वाढतो. खरखरीत कापड हवेला धरतं, गुळगुळीत कापडावरून ती निसटते. म्हणून हलक्या अंगाच्या उडीबाजाला घट्ट सूट शिवतात आणि जाड्या माणसाला ढगळ, म्हणजे दोघं आकाशात एका पातळीवर राहतात. आपण जमिनीवर याच्या नेमकं उलटं करतो. जाड गिऱ्हाईक म्हणतं, जरा चापून शिवा!

हातात हात घालून आकृती करणाऱ्या चमूच्या सुटांना बाह्यांवर आणि मांड्यांवर जाड गोट शिवलेले असतात, एकमेकांना पकडण्यासाठी. त्यांचा रंग बहुधा सुटाच्या रंगाहून वेगळा ठेवतात, म्हणजे नजर चटकन तिथे जाते. जो तो आपल्या आवडीचे रंग आणि पट्टे सांगून सूट शिवून घेतो. पण आवडीला मर्यादा आहेत. आकाशी निळा रंग आभाळात हरवतो, पांढरा ढगात. आणि सर्वांत मोठा नियम असा की सुटाचा कुठलाही सैल भाग छत्री उघडायच्या हँडलवर येता कामा नये. तिथे झोळ आला तर जिवाशी गाठ.

हे नियम यायच्या आधी बायकांचा पोशाख कोण ठरवत होतं, हेही पाहू. अमेरिकेत टायनी ब्रॉडविक नावाची मुलगी होती, उंची पाच फुटांपेक्षाही कमी. १९०८ साली, पंधराव्या वर्षी, ती जत्रेतल्या फुग्यातून पॅराशूटने उड्या मारू लागली. खेळाच्या मालकाने तिला ‘बाहुली’ म्हणून मिरवलं. झालरीचे कपडे, रिबिनी, डोक्यावर बाळटोपी. तिकिटं खपावीत म्हणून. तिला तो पोशाख मुळीच आवडत नसे. २१ जून १९१३ रोजी लॉस एंजेलिसवर विमानातून उडी घेणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढच्याच वर्षी अमेरिकी सैन्याला प्रात्यक्षिक दाखवताना तिची दोरी विमानाच्या शेपटीत अडकली, तेव्हा पुढच्या उडीला तिने ती दोरी कापून आखूड केली आणि खाली पडता पडता स्वतःच्या हाताने छत्री उघडली. बाहुली म्हणून आणलेल्या मुलीने सैन्याला हे शिकवलं.

आपल्याकडे हा प्रकार जत्रेतून नव्हे, हवाई दलातून रुजला. डॉक्टर असलेल्या गीता चंदा यांनी १९५९ साली आग्र्याला उडी घेतली. १९७९ पासून उड्या मारणाऱ्या रेचल थॉमस २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर उतरल्या. वर्दी असो की जम्पसूट, पोशाख कामाचा होता.

आणि आमच्या जिल्ह्याचं एक उदाहरण तर सगळ्या देशाने पाहिलं. नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, अशी त्यांची ख्याती. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, राष्ट्रपती असताना, वयाच्या ७४ व्या वर्षी त्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून सुमारे अर्धा तास उडाल्या. अंगात वैमानिकांचा जी-सूट. हा सूट पोटाला आणि पायांना आवळतो, त्यात हवा भरते आणि विमानाने झपकन वळण घेतलं तरी रक्त पायात साचत नाही, माणूस बेशुद्ध होत नाही. साडीवर हे जमणार नव्हतं. त्यांनी सूट घातला, उडून आल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पदर डोक्यावर. त्यांच्याच कारकिर्दीत, २०११ साली, शीतलताईंना पद्मश्री मिळाली.

तेव्हा मोठीमाय हयात असती, तर मी ते छायाचित्र तिच्यापुढे ठेवलं असतं. पण तिला हरवण्यासाठी नव्हे. कारण नऊवारीच्या उडीचा विचार करताना मला तीच आठवत होती, कपाशीच्या रानात काष्टा खोचून वाकलेली, चिंचेवर चढलेली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, आणि त्यात कात्री कुठेच नाही. काष्टा मागे खोचला की दोन्ही पाय वेगळे, म्हणजे पँटच झाली! मला ‘शोभस का’ विचारणारी जन्मभर तेच नेसत होती. हे तिला कधी दिसलं नाही आणि मलाही चाळीस वर्षं दिसलं नव्हतं.

शीतलताईंनी आधी लुगडं नेसलं, त्यावर छत्री आणि बाकीचं सुरक्षा-सामान चढवलं, हेल्मेट, गॉगल आणि बूट घातले. यात मिरवणं नव्हतं असं मी म्हणणार नाही. महिला दिन तोंडावर होता. पण टायनीला कपडे मालकाने चढवले होते, इथे नेसणारीनेच ठरवलं होतं. माझा राग तिथे उतरला.

त्याच आठवड्यात मी वर्गातल्या मुलींना हाच प्रश्न घातला. सव्वाआठ मीटर कापड, ताशी १९० किलोमीटरचा वारा, टाके कुठे घालाल? कुणी पिना सुचवल्या. मी म्हटलं, अंगात घुसतील. कुणी म्हणाली, पदर कंबरेला गुंडाळून कच्चे टाके. एक नेहमी मागे बसणारी मुलगी कापड हातात घेऊन बराच वेळ उभी होती. तिने निऱ्या गुडघ्याखाली पोटरीला बांधल्या, पदर छातीवरून आडवा नेला आणि थांबली.

“मॅडम,” ती म्हणाली, “पण हँडल कोणत्या हाताला असतं?”

“उजव्या. पाठीमागे, खाली.”

तिने पदर सोडला आणि डाव्या बाजूने पुन्हा नेसवायला घेतला.