बाप्तिस्म्याविना ख्रिस्तशिष्यत्व

बाप्तिस्म्याविना ख्रिस्तशिष्यत्व म्हणजे येशू ख्रिस्ताला गुरू व प्रभू मानून, परंतु बाप्तिस्मा न घेता आणि कोणत्याही चर्चचे सभासदत्व न स्वीकारता त्याच्या मार्गाने चालण्याची भूमिका होय. भारतीय ख्रिस्ती धर्मविचारात हा प्रश्न दीर्घकाळ चर्चिला गेला असून तो अद्याप मिटलेला नाही. मराठी प्रॉटेस्टंट मंडळी या संस्काराला 'बाप्तिस्मा' म्हणतात. वसईकडील कॅथलिक समाजात 'स्नानसंस्कार' हा शब्द रूढ आहे.

पार्श्वभूमी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस शिष्य करण्याची आणि बाप्तिस्मा देण्याची आज्ञा एकत्रच आली आहे. त्यामुळे बहुतेक चर्च या दोन गोष्टी अविभाज्य मानतात. योहानकृत शुभवर्तमानात मात्र अरिमथाईकर योसेफ हा लोकभयास्तव गुप्त राहिलेला शिष्य म्हणून येतो. क्वेकर आणि मुक्तिफौज हे पंथ तर बाप्तिस्मा देतच नाहीत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मुक्तिफौजेचे कार्य जुने आहे. तेव्हा 'बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ती नाही' हे विधान महाराष्ट्रातही निरपवाद ठरत नाही.

भारतातील खरा पेच विधीचा नसून त्याला चिकटलेल्या सामाजिक अर्थाचा आहे. बाप्तिस्मा म्हणजे घर, जात आणि गोत सोडणे, असे नातेवाईक समजत. अनेक मिशनरीही तसेच समजत. याची किंमत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात जितकी स्पष्ट दिसते तितकी धर्मशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच दिसते. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि कालांतराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

देवाचा दरबार

रेव्हरंड टिळक (१८६१–१९१९) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत होते. १९१७ मध्ये ते मिशनच्या सेवेतून बाहेर पडले आणि साताऱ्यास राहू लागले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ व्हावयाचा होता. टिळक स्वतः दीक्षित धर्मोपदेशक होते. त्यांचा रोख संस्कारावर नव्हता, तर त्या संस्काराची कुंपणभिंत करण्यावर होता. भक्त आणि गुरू यांच्यातील नाते संस्थेच्या नोंदवहीवर अवलंबून नसते, ही वारकरी परंपरेला ओळखीची वाटणारी जाणीव या कल्पनेमागे आढळते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार आकार घेण्यापूर्वीच मावळला. त्यामुळे अशा संघात प्रभुभोजन कोणाला द्यावे, विवाह कोणी लावावेत, मृताला कोठे पुरावे, असे व्यावहारिक प्रश्न कसोटीला लागलेच नाहीत. टिळकांच्या चरित्रपर लेखनात या प्रकरणाला बहुधा त्यांच्या काव्याच्या मानाने कमी जागा मिळते.

विसाव्या शतकातील वाद

आंध्रातील कलगरा सुब्बा राव यांनी ख्रिस्तभक्ती स्वीकारली, पण बाप्तिस्मा व चर्च यांना उघड विरोध केला. १९७० च्या दशकाच्या आरंभी एम. एम. थॉमस आणि बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्यात या विषयावर गाजलेला लेखी वाद झाला. ख्रिस्तकेंद्री सहभागिता हिंदू समाजात राहूनही आकाराला येऊ शकते, असे थॉमस यांचे म्हणणे होते. श्रद्धेला दृश्य समाजरूप लागतेच, तिचे धार्मिक अंग सामाजिक अंगापासून सोलून काढता येत नाही, असे न्यूबिगिन यांचे उत्तर होते. हर्बर्ट होफर यांच्या १९९१ च्या ग्रंथाने मद्रास परिसरातील अशा भक्तांचे अस्तित्व पाहणीद्वारे पुढे आणले.

वाराणसीजवळच्या मातृधाम आश्रमात जमणारे 'ख्रिस्तभक्त' हे सध्याचे परिचित उदाहरण आहे. बाप्तिस्मा न झाल्याने त्यांना कॅथलिक नियमानुसार ख्रिस्तप्रसाद मिळत नाही.

कायद्याचे परिणाम

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख (१९५६ पासून) व बौद्ध (१९९० पासून) यांव्यतिरिक्त अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. दलित कुटुंबाच्या दृष्टीने बाप्तिस्म्याची नोंद म्हणूनच शिष्यवृत्ती आणि नोकरी यांच्याशी जोडलेली असते. उघड श्रद्धा आणि मुलांचे शिक्षण यांत निवड करावी लागणाऱ्याला 'गुप्त ख्रिस्ती' म्हणून हिणवणे सोपे आहे, न्याय्य नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली; २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बाप्तिस्मा झालेल्या व नियमित चर्चला जाणाऱ्या पुदुच्चेरीतील एका महिलेचा हिंदू अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला.

वारसाहक्काचाही प्रश्न येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या (१९५६) कलम २६ नुसार, धर्मांतरानंतर जन्मलेली मुले वारसा खुला होतेवेळी हिंदू नसतील, तर ती आपल्या हिंदू नातेवाइकांची वारस होऊ शकत नाहीत.