जुन्या संगणकाची सनद

भारतात बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईत उभा राहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने १९५६ पर्यंत त्याचे छोटे प्रायोगिक रूप चालवून दाखवले. पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले आणि १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. चमूतल्या बहुतेकांनी त्याआधी संगणकावर कामही केलेले नव्हते. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर असा सगळा संसार हातांनी जोडलेला. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला आणि लवकरच टिफ्रॅकचे दिवस भरले.

आता समजा, उद्या मुंबईच्या चोरबाजारात कुणी एक लोखंडी चौकट पुढे केली आणि म्हणाला, "साहेब, ही टिफ्रॅकची." संग्रहालयाने ती घ्यावी का? घेतली तर खाली पाटी कोणती लावावी?

जगात या प्रश्नावर सर्वांत जास्त डोकेफोड झाली ती 'ॲपल-१' वर. स्टीव्ह वॉझनियाक आणि स्टीव्ह जॉब्स यांनी १९७६ मध्ये असे सुमारे २०० बोर्ड तयार केले. किंमत ६६६.६६ डॉलर. पुढे ॲपल-२ आल्यावर कंपनीने जुने बोर्ड परत घेऊन बरेचसे नष्ट केले, म्हणून उरलेल्यांना सोन्याचा भाव आला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने एक बोर्ड लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला घेतला. एवढा पैसा दिसला की नक्कल येणारच. गंमत म्हणजे ॲपल-१ च्या नकला हौशी लोक उघडपणे बनवतात आणि नक्कल म्हणूनच विकतात. त्यात काही गैर नाही. पण तोच बोर्ड चार हात फिरला, मधल्या कुणीतरी 'नक्कल' हा शब्द गाळला, की त्याची फसवणूक होते.

मग तपासतात कसे? पहिला साक्षीदार म्हणजे चिप. बहुतेक चिपवर चार आकडे छापलेले असतात. ७६२३ म्हणजे १९७६ सालचा तेविसावा आठवडा. बोर्डावरच्या सगळ्या चिपांचे आकडे जवळपासच्या आठवड्यांचे निघाले तर जीव भांड्यात पडतो. मध्येच एखादी ८३१० निघाली तर दोनच शक्यता: यंत्र कधीतरी दुरुस्त झाले आहे, किंवा जुळवाजुळव करून बनवले आहे. दुरुस्ती हा गुन्हा नाही, पण तिची नोंद हवी. पुढे बोर्डाची छपाई, सॉकेट कोणत्या कंपनीचे, डाख लावण्याची पद्धत, कपॅसिटरचा रंग, हे सगळे जुन्या फोटोंशी ताडून पाहतात. काही बोर्डांच्या मागे ०१ ने सुरू होणारा क्रमांक हाताने लिहिलेला आहे. तो कुणी लिहिला हे अनेक वर्षे कोडेच होते. २०२२ मध्ये हस्ताक्षर तपासणाऱ्यांनी तो जॉब्सच्या हातचा असल्याचा निर्वाळा दिला. लाखो डॉलरच्या यंत्राचा निकाल शेवटी अक्षराच्या वळणावर! वह्या तपासणाऱ्या आम्हा मास्तर लोकांना हे वाचून बरे वाटले.

पण हस्ताक्षरावरून आणि शिक्क्यावरून खरे-खोटे ठरवणे महाराष्ट्राला काही नवे नाही. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि गावोगावच्या इनामदारांना आपापल्या सनदा घेऊन उभे राहावे लागले. कागद कुठला, मोडीचे वळण कुणाचे, शिक्का कोणत्या काळातला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेशवे दफ्तरात त्या इनामाची नोंद सापडते का. (आपला वऱ्हाड तेव्हा निजामाच्या हद्दीत, त्यामुळे या कचाट्यातून सुटला.) कमिशनचा हेतू सारा वाढवण्याचा होता, त्याने अनेकांच्या पोटावर पाय आणला, तो अन्याय निराळा. मात्र तपासणीची रीत पक्की होती. हातातला कागद एकटा पुरेसा नाही, त्याचा जोडीदार दफ्तरात सापडला पाहिजे.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे एक गोष्ट सतत डोळ्यांत भरते. अस्सल, नक्कल, सनद, दफ्तर, दस्तऐवज, शिक्कामोर्तब. मराठीला खरे-खोटे ठरवायची वेळ आली की ती अरबी-फारसीच्या घरून आलेल्या शब्दांनाच हाक मारते. त्यातही 'सनद' शब्दाचे मूळ आधार, टेकू या अर्थाचे आहे. म्हणणे कुणाचे, त्याने कुणाकडून ऐकले, त्या आधीच्याने कुणाकडून, अशी मागे मागे जाणारी माणसांची साखळी, हाही सनदेचाच अर्थ. आपल्या वाचकांना तो वेगळा समजावून सांगायला नको. संग्रहालयवाले जुन्या यंत्राबद्दल नेमके हेच विचारतात: कुणी घेतले, कुणी वापरले, कुणाला दिले, मधली कडी कुठे तुटली?

आता परत त्या चोरबाजारातल्या चौकटीकडे. ॲपल-१ शी ताडायला दुसरे ॲपल-१ आहेत. टिफ्रॅक जगात एकच होता, त्याला जुळा भाऊ नाही. त्याची स्मरणशक्ती फेराइटच्या बारीक कड्यांची होती, ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० कडी. कुणी कड्यांची जाळी आणली तर ती या हिशेबात कुठे बसते हे पाहता येईल. व्हॉल्व्हचे मात्र उलटे आहे. व्हॉल्व्ह सारखे जळत आणि बदलले जात. म्हणून अशा यंत्रात सगळे व्हॉल्व्ह एकाच खेपेचे आणि कोरे करकरीत दिसले तर शंका घ्यावी. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले, तर ते यंत्र खरोखर राबले असावे. ॲपल-१ मध्ये जी विसंगती संशय वाढवते, तीच इथे भरवसा वाढवते. शेवटचा शब्द मात्र संस्थेतल्या आराखड्यांचा, फोटोंचा आणि नोंदवह्यांचा. यंत्राचे दफ्तर तेच.

पुण्याच्या 'परम ८०००' ची अडचण आणखी वेगळी. आपल्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूर तालुक्यात जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने तो १९९१ मध्ये तयार केला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडलेले होते. तेच ट्रान्सप्युटर जगभर इतर यंत्रांतही वापरले गेले. त्यामुळे नुसती चिप दाखवून 'ही परमची' म्हणता येत नाही. परमचे परमपण होते जोडणीत आणि ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ती जोडणी सोडवून कपाटात ठेवली की उरतो तो आयात मालाचा डबा.

मूळ यंत्र नसेल तर नक्कल ठेवायलाही हरकत नसते, पाटी खरी असली म्हणजे झाले. जर्मनीच्या कोनराड त्सुझेचा झेड-३ संगणक १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनमध्ये नष्ट झाला. म्युनिकच्या संग्रहालयात आहे ती पुनर्बांधणी, आणि तसेच सांगितले जाते. आपल्याकडे 'भारताचा पहिला संगणक' असे मोघम लिहून मोकळे होतात. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये आलेला एचईसी-२एम पहिला, पण तो इंग्लंडहून विकत आणलेला. टिफ्रॅक नंतरचा, पण इथे बांधलेला. पाटीवर एक शब्द गाळला की एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडते, आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके तीच चूक पाठ करून घेतात.

झरी जामणीसारख्या तालुक्यात संग्रहालय नाही, पण जुन्या यंत्रांच्या नोंदीची एक वही प्रत्येक शाळेत असते: डेडस्टॉक रजिस्टर. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. परवान्याखाली इथे तयार झालेल्या त्याच्या आवृत्तीचे नाव होते 'एससीएल युनिकॉर्न'. आत रचना तीच, त्यामुळे पट्टी बदलून एकाचा दुसरा करणे अवघड नाही. अशा यंत्राच्या कडेला शाळेने ऑइल पेंटने घातलेला नंबर असला, आणि तोच नंबर रजिस्टरमध्ये खरेदीच्या किंवा प्राप्तीच्या तारखेसह सापडला, तर यापेक्षा भक्कम सनद नाही. हौशी संग्राहक नेमका तो रंगच रॉकेलने पुसून टाकतात, यंत्र चकचकीत दिसावे म्हणून. आणि शाळा निर्लेखन झाले की यंत्र भंगारात देतात, काही वर्षांनी रजिस्टर रद्दीत.