अध्यक्ष बदलले, कागद कधी बदलणार?

मंडळी, रविवारी आमच्या माजी विद्यार्थी संघाची वार्षिक सभा झाली. जुन्या अध्यक्षांनी आपणहून खुर्ची सोडली, टाळ्या पडल्या, चहा झाला. भांडण नाही म्हणजे संघ जिवंत आहे ना, असं कुणीतरी मागून म्हणालं.

मला पुण्याची गोष्ट आठवली. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदांनी कमी पगारात संस्थेलाच वाहून घ्यायचं, अशी रीत. मग बाहेरची कमाई चालेल का, यावरून वाद पेटला आणि 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांसोबत 101 दिवस काढलेला माणूस! तरी कॉलेज चालूच राहिलं. 1892 ला आगरकर प्राचार्य झाले, 1895 ला गेले. गोखले 1902 पर्यंत शिकवत होते.

आमच्याकडे भांडण नाही, पण कागदही नाहीत. दोनदा अध्यक्ष बदलले, धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट गेलाच नाही. तो 90 दिवसांत द्यायचा असतो. बँकेत अजून जुन्याच सह्या, आणि होस्टेलच्या पोरांची शिष्यवृत्ती अडकलेली. मीही तीन वर्षं कार्यकारिणीत होतो, तेव्हा दोष माझाही आहेच.

उद्या वकिलांकडे जातोय. जुन्या सभांची इतिवृत्तं कुणाच्या कपाटात असतील तर आज रात्रीपर्यंत कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जातो.