सोनुबाईचं कूळ

लोक जो शब्द शोधतात तोच आपल्या संकेतस्थळाचं नाव म्हणून घ्यायचा आणि गूगलच्या यादीत वर जाऊन बसायचं. या युक्तीला धंद्यातले लोक ‘एक्झॅक्ट मॅच डोमेन’, थोडक्यात ईएमडी म्हणतात. डोमेन-पद्धत १९८३ची, पहिलं डॉट कॉम १९८५चं. इथवर वाद नाही. वाद आहे तो ही युक्ती कोणाच्या पोटची यावर.

रूढ मत असं, की ती टेलिफोन डिरेक्टरीची नात. अमेरिकेतल्या यलो पेजेसमध्ये नावं वर्णानुक्रमे लागत, म्हणून नळदुरुस्तीवाला स्वतःला ‘ए-वन’ म्हणवून घेई आणि दुसरा त्याच्यावर कडी करून ‘एएए’ लावी. याहूची सुरुवातीची सूचीही त्याच वळणाची. जेफ बेझोस दुकानासाठी नाव शोधत होते तेव्हा ‘ॲमेझॉन’ ‘ए’ने सुरू होतं, हेही त्यांनी जमेस धरलं होतं.

मला ही सोयरीक पटत नाही. ‘ए-वन’ला यादीत जागा मिळते, अर्थ मिळत नाही. ईएमडीचं नेमकं उलटं: पहिलं अक्षर कोणतंही चालेल, शब्द मालाचाच हवा.

मला धागा सापडला तो भलतीकडेच. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांचा गूगलची रचना सांगणारा १९९८चा निबंध मी पानांची क्रमवारी ठरवणाऱ्या पेजरँकसाठी उघडला होता. त्यात एक छोटा भाग ‘अँकर टेक्स्ट’वर आहे. अँकर टेक्स्ट म्हणजे दुव्याचे ते शब्द, ज्यांवर आपण क्लिक करतो. हे शब्द ज्या पानाकडे बोट दाखवतात, त्या पानाच्या खात्यातही जमा करायचे. कारण पान स्वतःबद्दल सांगतं त्यापेक्षा इतरांनी केलेलं वर्णन बरेचदा जास्त नेमकं असतं. आणि तिथेच नोंद: ही कल्पना ऑलिव्हर मॅकब्रायन यांच्या १९९४च्या ‘वर्ल्ड वाइड वेब वर्म’ या शोधयंत्रात आधीच होती. म्हणजे माझ्या हिशेबाने ईएमडीची आजी डिरेक्टरी नव्हे, एक किडा!

कसं ते पाहा. या धंद्यात उदाहरणाला ‘ब्लू विजेट्स’ घेतात, आपल्या ‘अमुकतमुक’सारखं. समजा, ब्लूविजेट्स डॉट कॉम नावाचं दुकान आहे. दुवा देणारा आळशी असेल तर नुसता पत्ता चिकटवेल, नीटनेटका असेल तर दुकानाचं नाव लिहील. दोन्ही वेळा हवे ते शब्द अँकर टेक्स्टमध्ये आयते येतात. शेजारच्याने दुकानाला एखाद्या नदीचं नाव दिलं असेल, तर लोक त्याला कितीही हाका मारोत, विजेट्सचं पुण्य त्याच्या पदरी पडत नाही. पत्त्यात शब्दांमध्ये आडवी रेघ घालायची चालही माझ्या मते यातूनच आली. यंत्राला पदच्छेद सोपा जावा, एवढाच हेतू.

प्रतिपक्षाच्या हातात एक हुकमाचं पान आहे, ते लपवत नाही. २०११ मध्ये गूगलचे मॅट कट्स म्हणाले होते, की डोमेनमधल्या शब्दांना आम्ही जरा जास्तच वजन देतो अशी काहींची तक्रार आहे आणि ते बदलायचा विचार चालू आहे. म्हणजे हाक मारणारं कोणी नसलं तरी नुसत्या नावालाही भाव होता. मान्य. पण तो भाव म्हणजे वरकमाई. भांडवल दुव्यांचंच, हा माझा हट्ट कायम आहे.

पुढे २८ सप्टेंबर २०१२ रोजी कट्स यांनी ट्विटरवर जाहीर केलं, की हलक्या दर्जाची ईएमडी स्थळं निकालांत कमी दिसतील आणि अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्क्यांवर परिणाम जाणवेल. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशांवरच हा रोख होता. नाव सोनुबाई असणं हा गुन्हा ठरला नाही.

या कुळाची एक शाखा आपल्याही दारी आली आहे. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळतं. पण डोमेन-पद्धत आतून अजून रोमन अक्षरांवरच चालते. तिच्या दफ्तरी ‘भारत’ची नोंद ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ अशी आहे. ब्राउझरमधून देवनागरी पत्ता उचलून दुसरीकडे चिकटवला, की बरेचदा हीच अक्षरं उमटतात. माझी वंशावळ खरी असेल, तर ब्लू विजेट्सला आळशी माणसाकडूनही मिळणारं पुण्य ‘पैठणी डॉट भारत’ला मिळायचं नाही. तिच्यासाठी कोणाला तरी स्वतःच्या हाताने ‘पैठणी’ असं लिहावं लागेल.