भाड्याचे घर : आधी कागद, मग किल्ली

जून उजाडला की मराठवाड्यातून, विदर्भातून आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे निघतात. खोली शोधताना एजंटचा पहिला प्रश्न असतो, "पूर्ण नाव काय?" आडनाव ऐकल्यावर रिकामी खोली एकाएकी 'कालच गेली' कशी होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन पारशी विश्रामगृहात राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. त्यामुळे भाड्याचा कायदा हा आपल्यासाठी नुसता व्यवहाराचा विषय नाही.

राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात दोन प्रकारचे लोक येतात आणि गोंधळ तिथेच होतो. जुन्या चाळीत, पागडीच्या खोलीत राहणारा तो 'भाडेकरू'. आज आपण अकरा महिन्यांच्या करारावर घेतो ती जागा 'लिव्ह अँड लायसन्स'ची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती वापरायला मिळालेली. दोघांचे हक्क सारखे नाहीत.

भाडेकरूला संरक्षण जास्त. तो भाडे देत असेल, द्यायला तयार असेल, तर ठरावीक कारणांशिवाय आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला काढता येत नाही. भाडे थकले तरी मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचे. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह भरली, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. पाणी, वीज सबळ कारणाशिवाय तोडणे हा गुन्हा आहे. दुरुस्ती मालकाने करायची. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीविना पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे ही मात्र घर गमावण्याची कारणे आहेत.

आता आपल्या बहुतेक तरुणांच्या कामाचे. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?' हे वाक्य एजंट हमखास ऐकवतो. महाराष्ट्रात ते चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोलाची गोष्ट अशी की नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर पडतो.

पण कागद दुधारी असतो. लायसन्सच्या लेखी करारात जे लिहिले आहे ते कलम २४ खाली निर्णायक पुरावा मानले जाते. पन्नास हजार डिपॉझिट देऊन करारात वीस हजार लिहू देणारी मुले आम्ही पाहिली आहेत. रक्कम खरी लिहून घ्या, पैसे बँकेतून द्या, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाचे किती कापणार ही ओळ सही करण्याआधी घाला. मुदत संपली की जागा सोडणे हे आपले कर्तव्य. अडून बसल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. तरीही मालकाने सामान रस्त्यावर फेकायचे नसते, त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. तिथले समन्स हाती आल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर निकाल एकतर्फी लागतो. हा कागद कपाटात ठेवून गावी जाऊ नका.

मग जात विचारून नकार देणाऱ्याचे काय? भाडे कायदा यावर गप्प आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ गप्प नाही. कोणत्याही वस्तीत राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे त्याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे, आणि पीडित अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही अनुसूचित जातीत येतात. अडचण पुराव्याची आहे. नकार बहुधा तोंडी येतो, म्हणून एजंटचे मेसेज पुसू नका.

एक गोष्ट घरातल्यांनाही सांगितली पाहिजे. आता आपल्यातही घरमालक आहेत, वरचा मजला चढवून खोल्या देणारे. त्यातले काही पावती देत नाहीत, करार नोंदवत नाहीत आणि भाडेकरूचे आडनावही विचारतात. भाडेकरूला भाड्याची पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे, आपल्यालाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जातीचे प्रमाणपत्र आणि कराराची प्रत सोबत न्या.