ज्याचे नाक, त्याचेच माप

आमच्या भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्या पुष्कळ. त्या दिसल्या की मला पुण्याकडचा एक वीटकर आठवतो. त्याचे नाव कुणी नोंदवून ठेवले नाही. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने या वीटकराने त्याला नवे नाक करून दिले! मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून आधी माप घेतले. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन डोळ्यांमधला भाग जोडलेलाच ठेवून खाली वळवली. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ही हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू या डॉक्टरने १८१४ साली तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली.

हे झाले बाहेरचे नाक. ते डोळ्यांना दिसते, मेणाने मोजता येते. आतले कसे मोजायचे?

ज्या कपाळाची कातडी काढली, त्याच्याच हाडात पोकळ्या असतात. आपण त्यांना सायनस म्हणतो. गालाच्या हाडातली पोकळी हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये वर्णन करून ठेवली. पण प्रेते तपासता तपासता कळले, की दोन माणसांच्या पोकळ्या सारख्या नसतात. कपाळातली पोकळी कुणाची ऐसपैस, कुणाची चिमुकली, तर कुणाला ती मुळीच नसते. दोन्ही डोळ्यांच्या मधले हाड चाळणीसारखे. त्याची एखादी मागची खोली थेट डोळ्याच्या नसेला जाऊन भिडते. त्या हाडाच्या छतावर मेंदू. हे छत मध्यभागी किती खोल उतरते, ते केरोस याने १९६२ मध्ये मोजून मांडले: कुणाचे १ मिलिमीटर, तर कुणाचे १६! सवयीने हत्यार चालवणाऱ्याचा हात इथे चुकला, तर रोग्याची दृष्टी जाते, नाहीतर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू लागते.

१९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रोग्याचे सीटी स्कॅन झाले, आणि आतले माप आधी घेण्याची सोय झाली. गावाकडचा रोगी कुरकुरतो, "नाकासाठी एवढा खर्च कशाला, डॉक्टरसाहेब?" त्याची कुरकूर मला समजते, पैसा सहज येत नाही. डॉक्टर मात्र त्या फिल्मवर आधी छताची खोली पाहतो, मग डोळ्याची नस कुठून जाते ते पाहतो, आणि त्यानंतरच हत्याराला हात घालतो.