गांजा, कायदा आणि पुरावा

एखादी वस्तु वाईट आहे असें म्हणणें निराळें आणि ती जवळ बाळगणें हा गुन्हा आहे असें ठरविणें निराळें. पहिला निर्णय नीतीचा, दुसरा राज्यशासनाचा. आणि दुसऱ्यास पहिल्यापेक्षां अधिक भक्कम पुरावा लागतो, कारण त्याच्या पाठीशीं तुरुंग उभा असतो. गांजासंबंधींचा आपला कायदा या कसोटीस कितपत उतरतो, हें इतिहासाच्या आधारें पाहण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ जुन्नर-आंबेगांवच्या मुलखापासून करणें सोयीचें होईल. शिवनेरी, नाणेघाट व जुन्नरचीं लेणीं यांची माहिती ज्यांत विस्तारानें एकत्र केलेली आहे, तो पुणें जिल्ह्याचा गॅझेटियर १८८५ सालीं निघाला. त्याचे संपादक जेम्स कॅम्बेल. याच कॅम्बेलसाहेबांनीं पुढें मुंबईस कलेक्टर असतांना भांगेच्या धार्मिक महत्त्वावर एक टिपण लिहिलें. शिवाच्या पूजेशीं व साधुबैराग्यांच्या आचाराशीं या वनस्पतीचा संबंध इतका जुना आहे कीं, तिच्यावर सरसकट बंदी घातल्यास लोकांस नाहक दुःख होईल, असा त्याचा आशय होता. ज्या प्रांतांत भीमाशंकराच्या अरण्यापासून कुकडीच्या उगमाजवळील कुकडेश्वरापर्यंत शिवालयें पसरलेलीं आहेत, तेथील वाचकांस हें सांगणें अपरिचित वाटूं नये. गोसाव्याच्या धुनीपाशीं चिलीम असावी याचें आपल्या समाजास कधीं नवल वाटलें नाहीं. तथापि गृहस्थानें ती ओढूं लागावें हेंही त्यास कधीं रुचलें नाहीं. ‘गांजेकस’ हा शब्द आपल्याकडे शिवी म्हणूनच वापरला जातो. म्हणजे समाजानें या व्यसनास तिरस्काराचा दंड दिला होता. बेडीचा दिला नव्हता.

राजदरबारींही हें व्यसन अज्ञात नव्हतें. ज्या निजामशाहीचा पाया जुन्नरास घातला गेला, तिच्या दरबारीं वावरलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत भांगेवर एक प्रकरण लिहिलें आहे. रात्रीं दूरदेशांच्या सफरीची इच्छा झाली कीं आपण थोडी भांग खातों, असें गुजराथचा सुलतान बहादूरशहा म्हणत असे, ही गोष्ट त्यांतच आहे.

इंग्रजी अमलांत गांजा हा प्रथम उत्पन्नाचा विषय झाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें त्याची लागवड, सांठा व विक्री परवान्याखालीं आली. जुन्नरच्या पूर्वेस लागून असलेला अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) हा मुंबई इलाख्यांतील गांजाच्या लागवडीचा प्रमुख मुलूख होता. शेतकरी गांजा उघडपणें पेरीत, व्यापारी उघडपणें विकीत आणि सरकार उघडपणें कर घेत असे. या उत्पन्नावर विलायतेंतील मद्यपाननिषेधक मंडळींनीं आक्षेप घेतला. पार्लमेंटचे सभासद केन यांनीं १८९३ सालीं प्रश्न विचारला, आणि त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें.

या कमिशनचें काम मुद्दाम सांगण्याजोगें आहे. त्यानें ११९३ साक्षीदारांचीं मतें घेतलीं: डॉक्टर, वैद्य, मामलेदार, मिशनरी, व्यापारी, सर्वांचीं. गांजानें वेड लागतें हा मुख्य आरोप होता, व त्यास आधार वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींचा. कमिशननें १८९२ सालच्या नोंदी एकेक करून तपासल्या. गांजा-भांगेमुळें वेड लागलें अशा २२२ नोंदी होत्या. चौकशीअंतीं त्यांपैकीं ९८ च टिकल्या. बाकीच्यांचा प्रकार असा कीं, वेड्यास आणणारा पोलीस कागदावर कांहीं तरी कारण लिही, आणि इस्पितळांत तेंच उतरून घेतलें जाई. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा झाला कीं, माफक सेवनापासून सहसा अपाय होत नाहीं, अतिसेवन घातक आहे पण तें अपवादात्मक आहे. सबब पूर्ण बंदी न करितां कर व परवाने यांनीं निर्बंध ठेवावा.

हा अहवाल आम्ही वेदवाक्य मानीत नाहीं. सरकारचें उत्पन्न त्यांत गुंतलेलें होतें. आणि कमिशनच्या तिघां हिंदी सभासदांपैकीं दोघांनीं भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या, हें विसरून चालणार नाहीं. परंतु निर्णयापूर्वीं पुरावा गोळा करण्याची जी पद्धत त्यांत दिसते, ती पुढें पुन्हां दिसली नाहीं.

१९२५ सालीं जिनीव्हाच्या परिषदेंत इजिप्तच्या आग्रहानें गांजाचा आंतरराष्ट्रीय नियंत्रणांत समावेश झाला. १९६१ च्या करारानें तो अफूच्या पंक्तीस बसविला. मात्र ज्या देशांत त्याची जुनी वहिवाट होती त्यांस ती बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हां १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा झाला. विधेयक २३ ऑगस्ट रोजीं लोकसभेंत आलें आणि १६ सप्टेंबर रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. ज्या प्रश्नास १८९३ सालीं एक वर्ष व हजारावर साक्षी लागल्या, त्याचा निकाल आपल्या स्वतंत्र देशांत महिन्याच्या आंत लागला!

त्या कायद्याचें रूप पाहावें. एकाच झाडाचें फुलोऱ्याचें टोक हा गांजा, म्हणून गुन्हा. नुसतें पान या व्याख्येबाहेर. (महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें पानही परवान्याच्या कक्षेंत आणलें आहे, ही गोष्ट वेगळी.) गांजा वीस किलोहून अधिक असल्यास किमान दहा वर्षें सक्तमजुरी, लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आणि एवढें करूनही फळ काय? केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या अहवालाप्रमाणें देशांत सुमारें ३ कोटि १० लाख लोक भांग, गांजा वा चरस यांचें सेवन करणारे निघाले.

२०२१ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्यानें, इतर पिकांस भाव मिळत नाहीं म्हणून गांजा लावण्याची परवानगी द्यावी, असा अर्ज कलेक्टरांस केला. अनेकांनीं तो हंसण्यावारी नेला. परंतु ओतूरच्या कांद्याचा व नारायणगांवच्या टोमॅटोचा भाव पडल्यावर बांधावर बसलेल्या कुणब्याचा चेहरा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हंसूं येणार नाहीं. शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं शेजारच्या जिल्ह्यांत जें पीक सरकारी परवान्यानें निघे, तेंच आज शेतकऱ्यास तुरुंगांत नेतें. आणि मधल्या काळांत झाड बदललेलें नाहीं.

म्हणून गांजा निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कोवळ्या वयांत त्याची संवय लागल्यास बुद्धीस व मनास इजा होते, आणि आजचा माल जुन्याहून तीव्र असूं शकतो, हें वैद्यक सांगतें. कॅनडानें २०१८ सालीं गांजा खुला केला म्हणून आपणही डोळे मिटून तसेंच करावें, हा युक्तिवादही कच्चा आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सेवन करणाऱ्यास दवाखाना, अल्पवयीनांस विकणाऱ्यास व मोठ्या व्यापाऱ्यास शिक्षा, आणि लागवडीस परवाना व कर, ही विभागणी शक्य आहे किंवा नाहीं याची चौकशी तरी व्हावी. परक्या सरकारनें आपल्या उत्पन्नासाठीं कां होईना, पण लोकांस विचारलें होतें. आपल्या सरकारनें लोकांच्या हितासाठीं एकदां विचारावें, ही अपेक्षा अवास्तव म्हणतां येणार नाहीं.